मेंढ्या जरा लांब न्या

झालऱ्या त्या बाईला पहिल्यांदा दाखवला तो थोरलीनंच. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. पण तेव्हा कुणाला काय ठाऊक होतं?

माळावर जन्म गेलेल्या माणसांना झालऱ्याचं काही कौतुक नव्हतं. वीतभर सरडा, त्यात निम्मी शेपटी, अंगावर मातीचाच रंग. वर्षातले आठ-नऊ महिने तो आहे की नाही हेही कळत नाही, पायाशी बसला तरी खडाच वाटतो. पण उन्हाळा तापला की नराच्या गळ्याला झालर फुटते. सकाळी दगडांना ऊन लागलं की हा पठ्ठ्या जवळपासचा सगळ्यात उंच दगड गाठतो, पुढच्या पायांवर ताठ उभा राहतो आणि झालर उघडतो. निळी, काळी, विटकरी. उघड-मीट, उघड-मीट, डोळ्याचं पातं लवावं तशी. शेजारच्या दगडावर दुसरा नर दिसला की दोन पायांवर पळत त्याच्या अंगावर जातो. हा सगळा थाट मादीसाठी, आणि मादी खाली मुंग्या टिपत बसलेली असते, ढुंकूनही बघत नाही. थोरलीचा नवरा होता तेव्हा म्हणायचा, आपलं लग्न असंच जमलं. तो जाऊन बारा वर्षं झाली होती.

ती बाई आली तेव्हा डोक्यावर टोपी होती, पायात बूट, गळ्यात दुर्बीण आणि हातात वही. वही कधी खाली ठेवायची नाही. थोरलीच्या सासऱ्यानं, म्हाताऱ्यानं, पहिल्याच दिवशी तिचं नाव वहीवाली ठेवून दिलं. शिकलेली होती, पण मिजास नव्हती. थोरलीला मावशी म्हणायची, तिच्या डब्यातलं खायची, काट्यानं हात फाटला तर हसायची. दोन उन्हाळे ती थोरलीच्या मागं मागं माळ फिरली आणि थोरलीनं तिला सगळं दाखवलं. पाऊस पडून माती मऊ झाली की मादी दोन-तीन ठिकाणी उकरून बघते, जागा पसंत पडत नाही, मग एके ठिकाणी अंडी घालते, माती लोटते आणि तोंडानं ठोकून ठोकून ती सारखी करते. वर चार खडे पसरते. इतकं करून झाल्यावर तिथं कुणी काही पुरलंय असं देवालाही कळू नये. दीड महिन्यानं आगकाडीएवढी पिल्लं निघतात. मोठा झालऱ्या फार तर दुसरा उन्हाळा बघतो, तिसरा नाही. हे सगळं थोरली सांगायची आणि वहीवाली लिहायची. दगड किती तापला ते नळीनं मोजायची, तेही लिहायची. मुंग्यांची वारुळं लिहायची, वारा लिहायची.

फक्त मोजणीच्या वेळी रोज एक गोष्ट म्हणायची. "मावशी, मेंढ्या जरा लांब न्या ना. झालरे बुजतात."

झालरे बुजत नव्हते. मेंढी दोन हातांवर आली तरी झालऱ्या दगडावरून हलत नाही, बुजतो तो बुटांना. पण पाहुणी माणूस सांगते तर कशाला मोडता घालायचा, म्हणून थोरली म्होरकीच्या गळ्यातली घंटा हलवायची आणि सत्तर मेंढ्यांचा कळप ओढ्याच्या पलीकडे न्यायची. मग वहीवाली मोजायची. दोन उन्हाळे. मेंढ्या कायम लांब.

तिसऱ्या वर्षी माळावर लोखंडी खांब आले. वहीवालीनं वहीतलं सगळं कुठंतरी मोठ्या ठिकाणी वाचून दाखवलं होतं म्हणे, आणि असला सरडा इतक्या संख्येनं दुसरीकडे कुठंच नाही असं तिथल्या शहाण्यांचं मत पडलं होतं. मत पडलं तिकडं, तार आली इकडं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. इथं कुंपणच धावत सरड्यापर्यंत आलं. वनखात्याचे साहेब आले, पाटी लावली, माणूस आणि जनावर दोघांनाही आत बंदी. साहेब हसतमुख होते. म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की बाबा, तुमच्या माळाचं नाव झालं. म्हाताऱ्यानं विचारलं की नाव झालं ते बरंच झालं, पण मेंढ्यांनी खायचं काय? साहेब म्हणाले, त्याची सोय बघू.

सोय बघितली ती अशी. थोरलीच्या धाकट्या दिराला त्यांनी रखवालदार नेमलं. खाकी सदरा, काठी, शिट्टी आणि फाटकावर एक नोंदवही.

थोरली या घरात आली तेव्हा धाकटा सात वर्षांचा होता, नाक पुसायलाही तीच लागायची. तिला स्वतःचं मूल झालं नाही, जे काय होतं ते हा दीरच. आता त्याचं लग्न झालं होतं, बायको पोटुशी होती, नोकरी आयती चालून आली होती. त्यानं घ्यायला नको होती असं कुणाच्या तोंडानं म्हणायचं? थोरली म्हणाली नाही. पण पहिल्या दिवशी ती आत माळावर विसरलेली घागर आणायला फाटकाशी गेली आणि धाकटा वही उघडून, मान खाली घालून म्हणाला की वहिनी, नाव लिहावं लागतं, काम काय तेही लिहावं लागतं. तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "लिहा की भाऊजी," ती म्हणाली. "लिहा, स्वतःची घागर चोरायला आली होती." घागर न घेताच ती माघारी फिरली.

मग सुरू झाले रस्त्याचे दिवस. सत्तर मेंढ्या घेऊन डांबरी रस्त्याच्या कडेनं चालायचं, मागून ट्रक आला की काठी आडवी धरून सगळ्यांना खड्ड्यात लोटायचं, ट्रकवाल्याच्या शिव्या खायच्या. ज्याच्या शेतात कापणी झाली असेल त्याच्या बांधावर हात बांधून उभं राहायचं. एका शेतकऱ्यानं तीन दिवस धसकटं चारू दिली आणि त्याच्याबद्दल तिच्याकडून अख्खा गोठा साफ करून घेतला. शेणाच्या शेवटच्या पाटीला म्हणाला, बाई, कोपरे राहिले. पन्नाशीला आलेली बाई, गुडघ्यावर बसून तिनं कोपरे खरवडले. मोठ्यांच्या दारात लहानांनी बोलायचं नसतं म्हणतात. घरी येऊन मात्र तिनं पाण्याची बादली अशी आपटली की कडी निखळली.

धसकटं संपली तसा कालव्याचा काठ उरला. तिथं गवत हिरवंगार, पण जमीन सदा ओली. माळावरच्या मेंढीचा खूर कोरड्याला सरावलेला असतो. महिन्याभरात खुरी लागली. खुराच्या बेचक्यातून घाण वास, मेंढी पुढचे गुडघे टेकून चरायला लागली. थोरली आणि म्हातारा अंगणात एकेक मेंढी उताणी पाडायचे, म्हातारा पाय धरायचा, थोरली वाकड्या सुरीनं सडलेला खूर तासायची आणि कडक औषधाच्या पाण्यात तो बुडवून धरायची. म्हाताऱ्याला नीट दिसत नव्हतं. पण हातात पाय आला की तो सांगायचा, ही अमकीची लेक, हिच्या आईचाही टाचेकडचा खूर असाच बाहेर होता. दिवसाला दहा-बारा मेंढ्या व्हायच्या. संध्याकाळी थोरलीची बोटं सुरीच्या मुठीवर तशीच आखडून राहायची, दुसऱ्या हातानं एकेक सरळ करावी लागायची. ज्या मेल्या त्या मेल्या, ज्या चालू शकत नव्हत्या त्या मातीच्या मोलानं गेल्या. दोन वर्षांत सत्तराच्या एकतीस राहिल्या.

आणि तारेपलीकडे माळावर गवत वाढत होतं.

पहिल्या पावसाळ्यात घोट्याला आलं. ते वाळलं, पडलं, त्याच्यावर दुसऱ्या वर्षीचं उगवलं. मांडीइतकं. मोठमोठे धोंडे दिसेनासे झाले. थोरली रस्त्यानं जाताना बघायची आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एक म्हणजे एवढा चारा उभा वाळून मातीत चाललाय आणि आपल्या मेंढ्या गटाराकडेचं कुरतडतायत. आणि दुसरं म्हणजे दगडावर चढून झालर उघडणाऱ्यानं आता चढायचं कुठं? चढला तरी त्याला बघायचं कुणी? दगडापर्यंत ऊन पोचत नाही, पळायला मोकळी जमीन नाही, अंडी घालायला उकरावं तर वाळक्या गवताचा हा थर. मेंढीच्या खुरानं माती फुटते, मेंढीच्या लेंडीला वाळवी लागते, वाळवीवर झालऱ्या जगतो. हे सांगायला काय पुस्तक वाचावं लागतं?

तिनं साहेबांना सांगून बघितलं. दोनदा कार्यालयात गेली, बाकावर बसून राहिली. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा होते, त्यांनी ऐकून घेतलं, आणि शेजारच्या कारकुनाकडे बघून म्हणाले की मेंढीवाल्याला विचारलं तर तो जगातला प्रत्येक रोग मेंढीनंच बरा होतो म्हणणार. कारकून खो खो हसला. थोरली उठून आली. वहीवाली त्या दोन वर्षांत फिरकलीच नव्हती, ती परदेशी शिकायला गेली होती.

ओढ्याच्या अंगाला तारेचा शेवटचा टप्पा होता. तिथं पुराच्या पाण्यानं दोन खांबांखालची माती खचली होती आणि तार सैल पडली होती. हात घालून उचलली की मेंढी वाकून आत. आतल्या तेवढ्या पट्ट्याची लांबी दोन-अडीचशे पावलं, रुंदी त्याच्या निम्मी, वरून दिसत नाही अशी उतरती जागा. थोरलीनं तिथं मेंढ्या घातल्या. चोरी म्हणा. तिनं स्वतःही मनात चोरीच म्हटलं. पण स्वतःच्या सासऱ्याच्या बापानं ज्या दगडावर बसून मेंढ्या राखल्या त्याच दगडाआड लपून बसायचं आणि म्होरकीच्या घंटेत चिंधी कोंबायची, याची तिला जितकी लाज वाटायची त्याच्या दसपट संताप यायचा. दिवसाआड, सकाळी तासभर. दोन वर्षं.

धाकट्याला ठाऊक होतं. रखवालदाराला तार सैल झालेली कळत नाही असं होत नाही. तो रोज सकाळची फेरी वरच्या अंगानं सुरू करायचा, आणि ओढ्याशी यायच्या आधी दोनदा उगाच खाकरायचा. घरात यावर एक अक्षर निघालं नाही. ताटावर दोघं समोरासमोर बसायचे आणि पावसापाण्याचं बोलायचे.

तार आल्यापासूनच्या तिसऱ्या उन्हाळ्यात वहीवाली परत आली, मोजणीला. बरोबर साहेब होते, दोन कारकून होते. ऊन चढायच्या आत सगळे फाटकातून आत गेले. थोरली तारेबाहेर रस्त्याच्या कडेला मेंढ्या धरून उभी होती. हातानं गवत बाजूला सारत सारत ती माणसं चालली होती, पोहणाऱ्यासारखी. तासाभरानं वहीवालीचा चेहरा दिसला तो उतरलेला. जिथं पूर्वी एका नजरेत दहा-बारा नर मोजायची तिथं तिला अख्ख्या वरच्या माळात दोन सापडले होते. एक जिवंत, एक वाळलेला.

साहेबांना वरच्यांना उत्तर द्यायचं होतं. झालरे जपायला एवढी तार घातली, माणूस नेमला, आणि झालरेच नाहीत. मग झालरे गेले कुठं? गवतानं खाल्ले असं कागदावर लिहिता येत नाही. त्यांनी फाटकाशी येऊन धाकट्याला समोर उभं केलं आणि विचारलं की किती विकले. असल्या दुर्मिळ सरड्यांना बाहेर मागणी असते, आपल्याला सगळं कळतं, असं म्हणाले. धाकट्याला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो नाही नाही एवढंच म्हणत राहिला. साहेबांनी त्याची काठी आणि शिट्टी काढून कारकुनाच्या हातात दिली आणि पोलिसांना बोलवा म्हणून सांगितलं. पावणेदोन वर्षांचं पोर घरात, बायको पुन्हा पोटुशी, आणि हा चोर ठरला. तेही सरड्यांचा चोर. चोर सोडून संन्याशाला फाशी याला म्हणतात.

धाकट्यानं एकदा तारेकडे बघितलं. थोरली तिथं होती. त्यानं लगेच नजर काढून घेतली. वहिनीचं नाव सांगितलं असतं तर तो निम्मा सुटला असता, हे त्याला कळत होतं. तो बोलला नाही.

थोरली फाटकातून आत आली. नोंदवही उघडीच होती, तिच्याकडे तिनं बघितलंही नाही.

"झालरे कुणी विकले नाहीत," ती म्हणाली. "जिथं मेंढ्या चरतात तिथं ते आहेत. चला, दाखवते."

साहेब म्हणाले, "मेंढ्या आत कुठं चरतात?"

"मी चारते. दोन वर्षं झाली."

"वहिनी," धाकटा म्हणाला. एवढंच.

ती पुढं चालायला लागली, मागं बाकीचे. ओढ्याच्या उताराला आल्यावर गवत एकदम संपलं, कुणी रेघ मारावी तसं. खाली तो पट्टा होता, उघडाबोडका, बोटभर गवताचा, ठिकठिकाणी खुरानं फुटलेली माती, काळ्या लेंड्या, आणि दगड. दगडांना ऊन लागलं होतं. पहिल्याच धोंड्यावर एक नर ताठ उभा होता. त्यानं झालर उघडली. पलीकडच्यानं उघडली. त्याच्या खालच्यानं उघडली.

वहीवाली गुडघ्यावर बसली आणि मोजायला लागली. पुन्हा मोजले. सतरा नर, माद्या वेगळ्या. दोन वर्षांपूर्वी माळ जसा होता तसा त्याचा हा एवढासा तुकडा शिल्लक होता.

"ताई," थोरली तिला म्हणाली, "आता मेंढ्या लांब नेऊ?"

वहीवालीनं मान वर केली नाही. तिचे कान लाल झाले होते. थोरलीला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

साहेबांना मात्र सतरा झालऱ्यांत एकच गोष्ट दिसली. गुन्हा कबूल झाला होता, जागा सापडली होती, लेंड्यांचा पुरावा समोर पडला होता. त्यांनी कारकुनाला तिथंच धोंड्यावर बसवून पंचनामा लिहायला लावला. बाईनं बंदी असताना दोन वर्षं या पट्ट्यात मेंढ्या चारल्या, रखवालदारानं डोळेझाक केली. विकण्याचा आरोप मागं घेतो, पोलिस नकोत, पण नोकरी गेली आणि मेंढ्या कोंडवाड्यात. अंगठा द्या म्हणाले.

थोरलीनं हात मागं घेतला. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"अंगठा देते," ती म्हणाली. "पण पुरं लिहा. या पट्ट्यात मेंढ्या चरल्या, आणि याच पट्ट्यात सतरा झालरे मोजले. वरच्या माळात मेंढी गेली नाही, तिथं एक मोजला. हेही लिहा."

साहेबांनी क्षणभर विचार केला. जिथं सरडे सगळ्यात जास्त तिथंच बाईनं मेंढ्या घातल्या, असं कागदावर आलं तर गुन्हा मोठाच दिसतो. हरकत काय? लिही, म्हणाले. कारकुनानं लिहिलं आणि रीतीप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या माळावर आजवर जेवढं काही लिहिलं गेलं होतं त्यात झालऱ्या आणि मेंढी एका ओळीत पहिल्यांदा आले, ते असे. वाचताना कारकुनाला काही कळलं नाही, साहेबांना काही कळलं नाही. वहीवालीची पेन्सिल मात्र थांबली. थोरलीनं अंगठा दाबला.

वहीवाली उठून साहेबांना म्हणाली की थांबा, मेंढ्या नेऊ नका, मला वाटतं आपलं चुकतंय. साहेब नम्रपणे म्हणाले की मॅडम, तुम्ही तुमचा अहवाल द्या, वरून आदेश आला की बघू. मग धाकट्याच्या जागी नवा माणूस येईपर्यंत इथं दुहेरी तार घाला, याच पट्ट्याभोवती, हा आता गाभा आहे, असं त्यांनी कारकुनाला सांगितलं. शहाण्याला शब्दाचा मार, असं म्हणतात. याला कशाचा द्यायचा?

मेंढ्या नेल्या तेव्हा म्हातारा अंगणात बसला होता. त्यानं घंटा ऐकली आणि विचारलं की सूनबाई, या वेळेला कळप कुठं चाललाय? तिनं सांगितलं. म्हातारा दोन्ही हात पुढं करून तसाच बसला, पाय धरायला कुणी मेंढी देईल अशा बेतानं. कोंडवाड्याचा दंड भरायची मुदत टळली, लिलाव झाला, मेंढ्या कुठल्या कुठं गेल्या. म्होरकी खाटकानं घेतली. धाकटा मुलाबाळांना घेऊन वीटभट्टीवर गेला. जाताना तो वहिनीच्या पाया पडला आणि ती त्याला रागानं म्हणाली, "अरे, नाव सांगायचं होतंस माझं." आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला अरेतुरे बोलली होती.

वर्ष गेलं. उन्हाळा आला. थोरली आता रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, उकिडवी बसून, तोंडाला फडकं बांधून. समोरच तो पट्टा होता, दुहेरी तारेत. त्यात गवत गुडघ्याला आलं होतं.

गाडी थांबली. वहीवाली उतरली, मागून साहेब. वहीवालीच्या हातात वरून आलेला कागद होता. वर्षभर भांडून, तोच अंगठ्याचा पंचनामा जोडून तिनं तो मिळवला होता. ती धापा टाकत म्हणाली की मावशी, तुमचं म्हणणं मान्य झालं. साहेबांनी कागद वाचून दाखवला. क्षेत्रातल्या गवताची उंची मर्यादित ठेवण्यासाठी प्रायोगिक तत्त्वावर स्थानिक मेंढ्या सोडण्यास परवानगी देण्यात येत आहे. साहेबांचा आवाज असा, की ही कल्पना मुळात त्यांचीच. सरडा तरी रंग बदलायला थोडा वेळ घेतो.

"मग मावशी," साहेब म्हणाले, "उद्यापासून तीसेक मेंढ्या सोडा आत. आमची काही हरकत नाही."

थोरलीनं हातोडा खाली ठेवला. अंगावरची धूळ झटकली नाही. ती साहेबांकडे बघत राहिली, इतका वेळ, की त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. आपण काय बोललो ते हळूहळू त्यांच्याही ध्यानात यायला लागलं असावं, कारण ते गाडीकडे बघायला लागले. वहीवालीला आधीच कळलं होतं. ती रडत होती.

"रडू नका ताई," थोरली म्हणाली. आवाज चढला नव्हता. "वही आणलीय ना? काढा. दगड लिहिलात, वारा लिहिलात, मुंगीसुद्धा सोडली नाहीत. आता लिहा. इथं मेंढ्या होत्या, असं लिहा."

वहीवालीनं वही उघडली. थोरलीनं हातोडा उचलला आणि पुढचा दगड पायाशी ओढला.